होमर आणि जेथ्रोला वाजवता येत नव्हतं म्हणे!

जुन्या अमेरिकी कंट्री संगीताचा विषय निघाला की होमर आणि जेथ्रो या विनोदी गायक-वादक जोडीवर एक ठरलेला शेरा मारला जातो. टेनेसीच्या डोंगरातले दोन अडाणी भाऊ. धड गाता येईना, वाजवता येईना, म्हणून दुसऱ्यांच्या गाजलेल्या चाली ढापून त्यांवर पाचकळ शब्द बसवले. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमात हशा पिकवला आणि १९७१ मध्ये एक जण वारल्यावर खेळ खलास. तीन-चार वाक्यांत इतक्या चुका कोंबणं हीसुद्धा कलाच म्हणायची.

सोप्या चुकीपासून सुरुवात करतो. हे दोघे भाऊ नव्हते. होमर म्हणजे हेन्री हेन्स, जन्म २७ जुलै १९२०. जेथ्रो म्हणजे केनेथ बर्न्स, जन्म १० मार्च १९२०. मध्ये साडेचार महिने. सख्ख्या भावांत हे कसं जमावं, ते शेरा मारणाऱ्यांनीच सांगावं. दोघे टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या परिसरात वाढले आणि १९३६ मध्ये तिथल्या डब्ल्यूएनओएक्स या रेडिओ केंद्रावर चाचणी द्यायला आले असताना भेटले. तेव्हा वय सोळा. नात्याचीच गोष्ट काढायची असेल तर जेथ्रोचा साडू कोण होता ते सांगायला हवं: चेट अॅटकिन्स, कंट्री गिटारचा बादशहा. दोघांच्या बायका जुळ्या बहिणी.

होमर-जेथ्रो ही नावंही घरची नव्हेत. ती केंद्राचा कार्यक्रमप्रमुख लोवेल ब्लँचर्डने दिली. तोवर पोरं ‘ज्युनियर’ आणि ‘ड्यूड’ म्हणून वावरत होती. प्रक्षेपणाच्या वेळी ब्लँचर्ड ती नावं विसरला आणि तोंडाला आलं ते बोलून गेला, अशी कथा आहे. दूरदर्शन मालिकांतल्या होमर-जेथ्रोंवरून ही नावं उचलली असं कुणाला वाटत असेल, तर त्या मालिका यायला अजून कित्येक वर्षं होती.

आता मुख्य आरोप. वाजवता येत नव्हतं म्हणून विनोदाकडे वळले, हा. घडलं नेमकं उलट. ही पोरं केंद्रावर आली ती वादक म्हणून. ‘स्ट्रिंग डस्टर्स’ नावाच्या तारवाद्यांच्या ताफ्यात ती स्विंग वाजवत होती, म्हणजे त्या काळातलं नाचतं जॅझ. पॅरिसचा जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट याच्या तबकड्यांचं दोघांना वेड. विनोद हा मधल्या वेळचा उद्योग: पडद्यामागे बसून त्या वेळची गुळगुळीत प्रेमगीतं मुद्दाम गावठी ढंगात म्हणायची आणि आपसांत हसायचं. ब्लँचर्डने ते ऐकलं आणि माइकपुढे आणलं. म्हणजे विनोदाला आधीच्या वादनाची गादी मिळालेली होती.

जेथ्रो मॅन्डोलिन वाजवायचा. चार जोड्यांत आठ तारा, लावणी व्हायोलिनसारखी. ब्लूग्रासमध्ये, म्हणजे कंट्रीच्या वेगवान तारवाद्यी शैलीत, या वाद्यावर बहुतेक एकेका सुराची वेगवान बरसात होते किंवा ठेक्यासाठी कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) तोडून मारल्या जातात. जेथ्रोची तऱ्हा वेगळी. तो चाल वरच्या तारेवर चालवायचा आणि त्याच दमात खालच्या तारांवर तिच्या कॉर्ड बदलत न्यायचा. एवढ्याशा पट्टीवर पियानोवाल्याच्या दोन्ही हातांचं काम.

होमरच्या गिटारकडे तर कुणाचं लक्षच जात नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. चारही मात्रांवर एकेक कॉर्ड. मोकळी तार जवळजवळ वाजवायचीच नाही. बोटं दाबायची, आघात करायचा आणि लगेच दाब सैल करायचा, म्हणजे आवाज जागच्या जागी तुटतो. काउंट बेसीच्या जॅझ ताफ्यात गिटारवादक फ्रेडी ग्रीन हेच करायचा. मात्रा कळते, पण गुंज उरत नाही, म्हणून मॅन्डोलिनला आणि विनोदाच्या ओळीला मोकळी जागा मिळते. ओळ पडल्यावर हशा यायला जो क्षणभर अवकाश लागतो, तो ही गिटार राखून ठेवायची. वरून गाणं गावठी, चेहरा मख्ख आणि खाली कॉर्ड जॅझच्या. अनाडी माणसाला हे दोन मिनिटंही निभावता येणार नाही.

पुरावाच हवा तर १९६२ चा ‘प्लेइंग इट स्ट्रेट’ आणि १९६७ चा ‘इट एन्ट नेसेसरिली स्क्वेअर’ हे अल्बम आहेत. एकही विनोद नाही, शब्दच नाहीत. आरसीए व्हिक्टरसारखी कंपनी ज्यांना वाजवता येत नाही अशांचे निव्वळ वादनाचे दोन अल्बम काढत बसली असती का? पुढे चेट अॅटकिन्सने या दोघांना घेऊन ‘नॅशव्हिल स्ट्रिंग बँड’ या नावानेही ध्वनिमुद्रण केलं. मेहुणीच्या नवऱ्याचा मान राखायला एखादं गाणं पुरलं असतं.

चाली ढापल्याचा आरोप. १९४९ मध्ये त्यांनी जून कार्टरला (पुढे गायक जॉनी कॅशची पत्नी झाली तीच) सोबत घेऊन ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’चं विडंबन केलं. मूळ गीत-संगीत फ्रँक लेसरचं. त्याची परवानगी घेतली आणि तबकडीवर त्याच्या नावाने चक्क क्षमायाचनाही छापली. असे चोर विरळाच. १९५३ मध्ये गायिका पॅटी पेजचं खिडकीतल्या कुत्र्याच्या पिल्लाचं गोग्गोड गाणं घरोघर वाजत होतं. यांनी त्या पिल्लाचा शिकारी कुत्रा केला आणि तबकडी कंट्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली.

१९५९ चं उदाहरण मला जास्त आवडतं. जॉनी हॉर्टनचं ‘द बॅटल ऑफ न्यू ऑर्लीन्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. होमर-जेथ्रोने त्यातली लढाई काढून उन्हाळी शिबिराला आलेली बालवीर पोरं घातली. ब्रिटिश फौजेच्या जागी शेजारचं मुलींचं शिबिर. नाव ‘द बॅटल ऑफ कुकामोंगा’. त्या वर्षीच्या ग्रॅमी सोहळ्यात मूळ गाण्याचा कवी जिमी ड्रिफ्टवुड याला वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला आणि त्याच सोहळ्यात विडंबनाला संगीतमय विनोदाचा. आणि ती चाल तरी ड्रिफ्टवुडची कुठे होती? ‘एट्थ ऑफ जॅन्युअरी’ या फिडलवरच्या (म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवरच्या) जुन्या लोकधुनेवर त्याने शब्द बसवले होते. ८ जानेवारी १८१५ हाच न्यू ऑर्लीन्सच्या लढाईचा दिवस.

शब्द पाचकळ असायचे का? बरेचदा होय. बायकोच्या रूपावरून, जाडीवरून केलेले विनोद आज ऐकवत नाहीत, आणि ‘काळच तसा होता’ म्हणून ते गोड होत नाहीत. इथे त्यांची वकिली करायची माझी इच्छा नाही. पण विनोद शिळा झाला म्हणून वादन कच्चं ठरत नाही.

नॅशव्हिलचं म्हणाल तर पन्नाशीच्या दशकात ही जोडी शिकागोत होती, डब्ल्यूएलएस केंद्राच्या ‘नॅशनल बार्न डान्स’मध्ये. हा कार्यक्रम १९२४ चा, म्हणजे ऑप्रीहून एक वर्ष जुना, आणि एके काळी त्याची ऐट ऑप्रीपेक्षा तसूभरही कमी नव्हती. सगळं कंट्री संगीत नॅशव्हिलच्या खात्यावर टाकायची सवय नंतरची. साठीच्या दशकात ही जोडी केलॉग्जच्या कॉर्न फ्लेक्सच्या जाहिरातींतही झळकली. ज्यांनी कंट्रीची एक तबकडी विकत घेतली नव्हती, त्यांनाही ते चेहरे तिथून ओळखीचे झाले.

राहिला शेवट. ७ ऑगस्ट १९७१ रोजी होमर हृदयविकाराने गेला आणि पस्तीस वर्षांची जोडी तुटली, हे खरं. विषय मात्र संपला नाही. जेथ्रो शिकागोजवळच्या इव्हान्स्टनमध्ये मॅन्डोलिन शिकवू लागला, गायक स्टीव्ह गुडमनसोबत कार्यक्रमांना जाऊ लागला. डेव्हिड ग्रिसमन, सॅम बुश ही पुढच्या पिढीतली मॅन्डोलिनची मोठी नावं त्याला मानणारी. तो गेला १९८९ मध्ये. २००१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने दोघांना मिळून दाखल करून घेतलं.

ज्याला स्वतः खातरजमा करायची असेल त्याने विडंबनांना नंतर हात घालावा. आधी ‘प्लेइंग इट स्ट्रेट’ लावा, आणि पहिल्या खेपेला मॅन्डोलिन सोडून फक्त गिटार ऐका.