जहाज न बांधता जहाजबांधणी कशी करावी

आपला देश जहाजबांधणीत जगातल्या पहिल्या पाचात यावा असं तुम्हाला वाटतं ना? वाटायलाच हवं. सरकारी दृष्टिपत्रात त्यासाठी २०४७ साल मुक्रर झालेलं आहे. सध्या जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त जहाजं चीन, दक्षिण कोरिया आणि जपान हे तिघेच बांधतात आणि आपला वाटा एक टक्कासुद्धा भरत नाही. म्हणजे वर जायला जागा रग्गड आहे. फक्त रीत माहीत हवी. ती मी सांगतो, फी न घेता.

सुरुवात कोनशिलेपासून करायची. जहाजबांधणीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. मुहूर्त, मांडव, पाहुणे आणि नारळ एवढं जमलं की अर्धं काम झालं असं समजायला हरकत नाही. यात आपण कोणाला हार जात नाही, याचा पुरावाच देतो. १९७२ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियात उल्सान नावाच्या गावी, मासेमारीच्या किनाऱ्यावर, ह्युंदाईने यार्डाची कुदळ मारली. पुढच्याच महिन्यात इंदिरा गांधींनी कोचीन शिपयार्डची कोनशिला बसवली. अंतर जेमतेम पाच आठवड्यांचं. म्हणजे दोघेही एकाच पंगतीत बसले होते.

आता फरक बघा. कोरियन मंडळींनी एकीकडे गोदी खणायला घेतली आणि दुसरीकडे त्याच गोदीत जहाज बांधायला घेतलं. वरातीच्या वाटेवरच मुलीला चालायला शिकवायचं, तसला प्रकार. १९७४ च्या जूनमध्ये, सव्वादोन वर्षांत, यार्ड तयार आणि अडीच लाख टनांवरचं तेलवाहू जहाजही जवळपास तयार. असला अघोरी वेग आपल्या प्रकृतीला मानवत नाही. आपण बेताबेताने गेलो. कोचीनचं पहिलं जहाज ‘राणी पद्मिनी’, पंचाहत्तर हजार टनांचं, १९८१ मध्ये मालकाच्या हवाली झालं. कोनशिलेचा सिमेंट नीट वाळायला नऊ वर्षं लागतातच.

दुसरी गोष्ट, इतिहास. हा माल आपल्याकडे इतका आहे की जहाजाची गरजच पडत नाही. पण तो वापरायचा कसा, हे मात्र शिकून घ्या. कोरियन लोकांनी इथेही घोळ घातला. ह्युंदाईचे मालक चुंग जू-युंग, लहानपणी बापाची गाय विकल्याचे पैसे घेऊन घरातून पळालेला शेतकऱ्याचा पोरगा. १९७१ मध्ये हा गृहस्थ कर्जासाठी इंग्लंडात गेला. पदरी यार्ड नव्हतं आणि जहाज बांधल्याचा अनुभवही नव्हता. कोण ओळखतं तुम्हाला, असं समोरच्याने विचारल्यावर त्याने खिशातून पाचशे वॉनची नोट काढली. नोटेवर सोळाव्या शतकातलं त्यांचं कासवाच्या आकाराचं लढाऊ जहाज छापलेलं होतं. तुमच्या कितीतरी आधी आम्ही हे बांधलंय, आता पैसे द्या, असं म्हणाल्याचं तो स्वतःच पुढे सांगत असे. झालं! चारशे वर्षांचा इतिहास एका बैठकीत मोडून खाल्ला. नोट खिशात गेली आणि माणूस कामाला लागला. अशाने पुढच्या पिढ्यांनी भाषणं कशावर करायची?

आपला इतिहास असा उधळू नका. तो जपून, वर्षातून निदान चार वेळा, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बाहेर काढा. कान्होजी आंग्रे आहेत, विजयदुर्गाजवळची आंग्र्यांची गोदी आहे. सप्टेंबर २०२२ पासून नौदलाच्या निशाणावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची अष्टकोनी चौकट आहे. मुंबईकरांनी वाडियांना विसरू नये. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि पुढे त्या घराण्याने इथल्या सागवानात अशी जहाजं बांधली की इंग्रजांच्या आरमाराने हट्टाने मागून घेतली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. तिकीट काढून आत जाता येतं. आणि १८४२ मध्ये हाँगकाँग इंग्रजांच्या घशात घालणारा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला, तेही मुंबईचंच. चीनने हे मनाला लावून घेतलेलं दिसतंय. नाहीतर एवढी जहाजं कोण बांधतं?

इथे एका माणसाचं नाव टाळता आलं तर टाळा, कारण तो या सगळ्या सल्ल्याला अपवाद आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद. यांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला यार्ड काढलं. कोनशिलेला राजेंद्रप्रसाद होते, म्हणजे तेवढं रीतीप्रमाणे झालं. पुढच्या एप्रिलमध्ये जपान्यांनी गावावर बाँब टाकले आणि काम थांबलं. तरीही १४ मार्च १९४८ ला ‘जल उषा’ पाण्यात उतरली, जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते. त्या दिवशी दक्षिण कोरिया नावाचं प्रजासत्ताक जन्माला यायला अजून पाच महिने होते. ज्यांचा देश अजून व्हायचा होता, त्यांच्या आपण एक अख्खं जहाज पुढे होतो. हे वाक्य भाषणात चांगलं वाजतं, पण त्याच्यापुढचं वाक्य तयार ठेवू नका. १९५२ पासून ते यार्ड सरकारच्या हाती जात गेलं आणि घाईचा प्रश्न कायमचा मिटला.

गिऱ्हाईक कसं निवडावं, हा नाजूक विषय. परक्या मालकाची ऑर्डर घेऊ नये. तो तारीख विचारतो. तारीख चुकली की दंड कापतो, आणि बाजार पडलेला असला तर जहाजच घेत नाही. ह्युंदाईचं हेच झालं. पहिलं गिऱ्हाईक ग्रीक मालक लिवानोस, दोन अगडबंब टँकर. आराखडे स्कॉटलंडच्या यार्डातून आणलेले. तिकडची घसरण, म्हणजे जहाज पाण्यात सोडायचा उतार, लहान, म्हणून ते लोक जहाज दोन तुकड्यांत बांधून जोडत. यांच्याकडे गोदी लांबलचक होती, तरी यांनीही आराखड्यात आहे म्हणून दोन तुकडे केले आणि ते एकमेकांना नीट बसेनात, असं सांगतात. (हा किस्सा वाचल्यापासून मला त्या देशाबद्दल आपुलकी वाटते.) तेवढ्यात १९७३ चं तेलसंकट आलं, टँकरचा भाव कोसळला आणि दुसरं जहाज उशिराचं कारण पुढे करून नाकारलं गेलं. आणखीही टँकर अंगावर पडले. आपण असतो तर चौकशी समिती नेमली असती. त्यांनी १९७६ मध्ये स्वतःचीच जहाज कंपनी काढली, नाकारलेले टँकर तिला दिले, आणि देशात येणारं तेल देशी जहाजातून आणायचं असं सरकारकडून करून घेतलं.

त्यापेक्षा गिऱ्हाईक घरचं बरं. आपल्या यार्डांनी आपल्या नौदलासाठी जहाजं बांधावीत. ती चांगली होतात, यात थट्टा नाही. माझगाव गोदीतल्या विनाशिका कोणत्याही देशाने मान वर करून पाहाव्यात अशा आहेत आणि त्याच कोचीनच्या यार्डाने विक्रांतसारखी विमानवाहू नौका बांधून दाखवली. पहिला पत्रा २००५ मध्ये कापला, नौका २०२२ मध्ये नौदलात आली. सतरा वर्षांत गिऱ्हाईक पळून गेलं नाही. घरच्या गिऱ्हाइकाचा हाच गुण. निर्यातीच्या बाजारात असा सोशीक माणूस शोधून सापडत नाही.

कोचीनवाल्यांनी मात्र २०२२ मध्ये एक आगळीक केली. नॉर्वेतल्या एका किराणा घाऊक कंपनीसाठी त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या आणि पुढेमागे खलाशांशिवाय चालतील अशा दोन फेरीबोटी बांधल्या, आणि त्या दुसऱ्या एका जहाजावर चढवून रवाना केल्या. गोव्यातल्या खासगी यार्डांनीही युरोपातल्या मालकांना मालवाहू जहाजं बांधून दिलेली आहेत. अशा बातम्या आतल्या पानावर, भविष्याच्या शेजारी, छापाव्यात. लोकांना वाटायचं, हे जमतं!

पैशाचं गणित सोपं ठेवा. जहाज बांधायचं तर दोन-तीन वर्षं पैसा अडकतो आणि व्याज चढत राहतं. तेव्हा यार्डवाल्याला स्वस्त कर्ज मिळणार नाही याची काळजी घ्या. आपण घेतली होती. सरकारच्या ज्या यादीत नाव असलं की कर्ज सोपं होतं, तिच्यात लहान शहरातलं तीन तारांकित हॉटेल ‘पायाभूत सुविधा’ म्हणून २०१३ पर्यंत येऊन बसलेलं होतं. शिपयार्ड त्या यादीत २०१६ मध्ये आलं आणि मोठं जहाज २०२५ मध्ये. हॉटेलच्या खोलीतून समुद्र दिसतो, हे पुरेसं नाही का?

अनुदान द्यायचंच तर मध्ये दरी ठेवून द्या. २००२ मध्ये खासगी यार्डांनाही तीस टक्के अनुदान मिळू लागलं. यार्डवाल्यांनी परदेशी ऑर्डरी भरभरून घेतल्या, कर्जं काढली, गोद्या वाढवल्या. ऐन बहरात, २००७ च्या ऑगस्टमध्ये, योजना संपली. पुढच्या वर्षी जगाचा बाजार बसला. नवी योजना आली २०१६ मध्ये. मधल्या वर्षांत काय झालं ते कोकणातल्या माणसाला विचारा. रत्नागिरी-दाभोळला यार्ड असलेली कंपनी २०१९ मध्ये अवसायनात निघाली. गुजरातमधल्या एका मोठ्या यार्डाच्या कर्जप्रकरणी २०२२ मध्ये सीबीआयने २२,८४२ कोटींच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. बँकवाले जहाज म्हटलं की आजही पाण्याचा ग्लास मागवतात. आणि कोकणातला वेल्डर? तो आखातातल्या आणि सिंगापूरच्या यार्डात जहाजं बांधतो. म्हणजे मराठी माणूस जहाज बांधतोच आहे, फक्त आपल्यासाठी नाही.

निर्यातीच्या बाबतीत एक धडा तेवढा घेऊ नका, हात जोडून सांगतो. १९६४ मध्ये कोरियाची वर्षाची निर्यात दहा कोटी डॉलर झाली, तर त्यांनी सण साजरा केला. विकत काय होते? प्लायवूड, कापड आणि केसांचे टोप. बायकांचे केस गोळा करून टोप विणायचे आणि अमेरिकेला पाठवायचे. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही दर महिन्याला निर्यातीच्या बैठकीला स्वतः बसत आणि कोणाची निर्यात किती झाली ते विचारत. आकडा गाठला तर स्वस्त कर्ज, नाही गाठला तर पुढच्या वेळी तोंड दाखवू नका. हजार कोटी डॉलरचं लक्ष्य १९८० साठी ठरवलं होतं, ते १९७७ मध्येच गाठून टाकलं. दृष्टिपत्राचा इतका अपमान मी दुसरीकडे पाहिला नाही.

अर्थात पार्क हुकूमशहा होते आणि कामगाराला तोंड उघडायची सोय नव्हती, हे सांगायला विसरू नका. सोयीचं असलं तरी ते खरं आहे. १९८७ मध्ये उल्सानचे कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक मागणी केस हवे तेवढे वाढवू देण्याची होती. देशाने टोप विकून परकीय चलन मिळवलं आणि कामगाराच्या डोक्यावर केस किती असावेत हे कंपनी ठरवत होती. आपल्याकडे असं काही नाही. आपल्या कामगाराने केस वाढवावेत, दाढी वाढवावी. ऑर्डर येईपर्यंत दुसरं करायचं काय?

बांधता येत नसेल तर तोडावं, हाही राजमार्ग आहे. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जगभरची म्हातारी जहाजं भरतीला वर चढवून फोडतात. कोरियाने जहाज जन्माला घालावं, ग्रीकाने वापरावं, आपण अंत्यविधी करावा. या कामाला मात्र तारीख चुकत नाही.

राहिला प्रश्न भाड्याचा. परदेशी जहाज कंपन्यांना आपण वर्षाला सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडं देतो, हे पंतप्रधानांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला सांगितलं. त्याच महिन्यात जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर झालं. एका वर्षाचं भाडं पॅकेजच्या आठपटीहून जास्त, आणि पॅकेज चालणार कितीतरी वर्षं. असले भागाकार कोणासमोर करू नका, प्रगतीला दृष्ट लागते. शिवाय महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये स्वतःचं जहाजबांधणी धोरण आणलंय, म्हणजे आता कोनशिला दिल्लीहून मागवायची गरज नाही. दगड कोकणात मुबलक आहे. जांभा नको, त्यावर अक्षर टिकत नाही.

आणि समजा, २०४७ ला गणित चुकलं, तर खचू नका. २०७२ आहेच. त्या वर्षी कोचीनच्या कोनशिलेला शंभर वर्षं होतील. उल्सानच्या कुदळीलाही होतील, पण ते लोक जहाजांच्या गडबडीत विसरतील. शताब्दीचं बोधचिन्ह आत्ताच करायला टाका. निविदा निघायला वेळ लागतो.