पूल रखडवायचाय? मग हे वाचाच

तुमच्या हाती एखादा रस्ता, पूल किंवा रेल्वेमार्ग बांधायला आलाय? अभिनंदन! आता फक्त एवढंच बघा, की तो वेळेत पुरा होता कामा नये.

जमीन ताब्यात यायच्या आधीच काम सुरू करा. मधला तुकडा कोर्टात असला म्हणून काय झालं, दोन्ही टोकांचे खांब उभे करून टाका. खांब फोटोत छान येतात.

काम सगळ्यात स्वस्तवाल्यालाच द्या. उरलेलं तो वाढीव खर्चात वसूल करतोच.

जमिनीखाली काय आहे ते मात्र आधी मुळीच बघू नका. जलवाहिनीची आणि जेसीबीची पहिली भेट खड्ड्यातच व्हावी. मग पाणी खात्याला पत्र. ते म्हणणार, हलवायचे पैसे आधी भरा. तुम्ही म्हणणार, अंदाजपत्रक द्या. ते येईस्तोवर तिकडच्या साहेबांची बदली, आणि नवे साहेब नकाशा मागणार. नकाशात वाहिनी डावीकडे, खड्ड्यात उजवीकडे! परवाच अशा खड्ड्याशेजारी अडकलो होतो. पत्र्यांच्या आड एक बंद पंप आणि साचलेल्या पाण्यावर शेवाळ. शेवाळ! ते काय एका दिवसात धरतं? बाहेरच्या पाटीवर काम पूर्ण होण्याच्या वर्षावर कागद चिकटवलेला, त्यावर आणखी एक. मागे रुग्णवाहिका कोकलतेय, पुढे हलायला जागा नाही, आणि आत कामाला माणूस नाही. एकसुद्धा!

असो. काम अर्ध्यावर आलं की आराखडा बदला. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं टर्मिनल बांधता बांधता वाढवत नेलं, आणि ऐन वेळी धूर बाहेर काढणारी यंत्रणाच चालेना. उद्घाटन ठरलं होतं जून 2012 चं, झालं ऑक्टोबर 2020 मध्ये.

बिलं थकवा.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचं नाव कुणी काढलं, तर विषय बदला. तिथला मिसिसिपीवरचा पूल 1 ऑगस्ट 2007 ला कोसळला आणि नवा 18 सप्टेंबर 2008 ला सुरू झाला, तोही मुदतीच्या तीन महिने आधी. आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटात, लवकर संपवलं तर जादा पैसे. बस्स.

पुरे झाली थट्टा. आधी जमीन घ्या, मग खोदा. चर खणून वाहिन्या बघा. ज्याच्या सहीनं सगळी खाती हलतील असा एक माणूस नेमा. कंत्राटदाराचे पैसे वेळेवर द्या. यातलं तुम्हाला काय कळत नाही? सगळं कळतं. उशिराचा भुर्दंड तुमच्या खिशातून जात नाही, म्हणून चाललंय. आणि पुढची मुदतवाढ मागताना पावसाचं कारण देऊ नका. तो दरवर्षी येतो.