फिल्मफेअर पूर्वी एकदम स्वच्छ होतं म्हणणाऱ्यांना

तोच फॉरवर्ड आज चौथ्यांदा आला. "पूर्वी फिल्मफेअर म्हणजे सरकारी मान, शुद्ध गुणवत्ता, कुठल्या कलाकाराने कधी ब्र काढला नाही, आता सगळं विकलं गेलंय आणि फक्त स्टारच्या पोरांना मिळतं." उत्तर द्यावंसं वाटलं कारण ज्यांनी भांडून ह्या पुरस्काराला थोडं शहाणं केलं त्यांनाच हा मेसेज पुसून टाकतोय.

आधी ते सरकारी मानाचं. फिल्मफेअर हा मासिकाचा पुरस्कार, टाइम्सवाल्यांचा, सरकारचा कधीच नव्हता. २१ मार्च १९५४ ला मुंबईच्या मेट्रो थिएटरात पहिला सोहळा झाला, पुरस्कार फक्त पाच, वाचकांच्या मतांवरून ठरलेले, आणि नाव होतं 'क्लेअर्स', टाइम्सच्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सांच्या आठवणीत. सरकारी ते राष्ट्रीय पुरस्कार, तेही १९५४ चेच, आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं, निदान आपण तरी ही गल्लत करू नये.

आता "कुणी ब्र काढला नाही", हे वाचून मला खरंच राग आला. 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना पुरस्कार मिळाला तेव्हा सोहळ्यात 'रसिक बलमा' गायला लताबाईंनी सरळ नकार दिला, पुरस्कार चालीला आहे ना, गाणाऱ्याला नाही ना, मग नुसती चाल वाजवा असं त्यांचं म्हणणं, कारण तोवर गायकांसाठी पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला १९५९ ला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'साठी. वैजयंतीमालांनी 'देवदास'चं सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक घेतलं नाही, माझी भूमिका सहाय्यक नव्हतीच म्हणाल्या. आणि १९७३ ला प्राणनी 'बेईमान'साठी मिळालेला पुरस्कार नाकारला, का तर 'पाकिजा'च्या संगीतासाठी गुलाम मोहम्मदना डावललं म्हणून. गुलाम मोहम्मद तेव्हा हयात सुद्धा नव्हते, संगीताचा पुरस्कार प्राणच्याच सिनेमाला, 'बेईमान'ला मिळाला होता, तरी हा माणूस दुसऱ्यासाठी स्वतःचा पुरस्कार सोडतो, ह्याला ब्र काढणं नाही तर काय म्हणायचं?

शुद्ध गुणवत्ता म्हणाल तर 'मुघल-ए-आझम'च्या वर्षी मधुबाला हरली, 'घूंघट'साठी बीना राय जिंकल्या. त्याच सिनेमाचे संगीतकार नौशादही हरले. 'शोले'ला अख्ख्या यादीत एकच मिळालं, संकलनाचं, आपल्या एम. एस. शिंदेंना, आणि ते तरी हक्काचं होतं. ह्यात प्रत्येक वेळी घोटाळा झाला असं मी म्हणत नाही, मतं आणि आवडीनिवडी तेव्हाही होत्या एवढंच.

पैशांचं बोलायचं तर ऋषी कपूरनी आत्मचरित्रात लिहिलंय की 'बॉबी'च्या वेळी एकाने पुरस्कारासाठी ३० हजार मागितले आणि आपण दिले, आणि त्याची लाज वाटते. मासिकाने घेतले असा माझा आरोप नाही. पण 'बॉबी' १९७३ चा सिनेमा, म्हणजे फॉरवर्डवाल्यांच्या त्याच सोन्याच्या काळातला.

आजच्याबद्दल थोडं मान्य आहे. सोहळ्यापेक्षा नाच जास्त, स्पॉन्सर जास्त, २०२० ला गुवाहाटी, मग गांधीनगर, अहमदाबाद, जिथे राज्य सरकार यजमान होईल तिथे. 'गली बॉय'ला १३ दिले तेव्हा 'तेरी मिट्टी' हे गाणं लिहिणाऱ्या, पण पुरस्कार न मिळालेल्या गीतकार मनोज मुंतशिरनी पुन्हा अशा सोहळ्यांना येणार नाही असं जाहीर केलं, आणि ती नाराजी मला समजते. पण "फक्त स्टारच्या पोरांना" हे खोटं आहे. २०२५ ला 'लापता लेडीज'ला पण १३ मिळाले, एकही मोठा हिरो नसलेला सिनेमा, निर्मात्यांमध्ये आमिर खान जो वर्षानुवर्षं ह्या सोहळ्यांपासून लांब राहिला, आणि सहाय्यक अभिनेत्री कोण तर आपली छाया कदम. त्याच रात्री 'जिगरा'साठी आलियालाही मिळाला, बरोबर, तेही लिहा. पण छायाचं नाव गाळून मेसेज पुढे ढकलू नका.