"दर आमचा" म्हणणारा ठेकेदार

कराडजवळच्या एका गावचा आठवडी बाजार. मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या आजींकडून वसुलीच्या पोरानं तीस रुपये घेतले आणि दहाची पावती फाडली. मी हटकलं तर म्हणाला, "साहेबांनी ठेका दिलाय, दर आमचा." आजीच मला म्हणाल्या, "जाऊ दे लेकरा, दर बाजारी असंच असतंय."

ती पावती मी मागून घेतली. नंबर नाही, तारीख नाही, शिक्का पुसट.

"दर आमचा" हे दोन शब्द तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. लोकांकडून पैसे घ्यायचा अधिकार कायद्यानं दिलेला असतो, तोही मोजून मापून. साहेब गोळा करायचं काम दुसऱ्याला देऊ शकतात. किती घ्यायचं हे ठरवायची सत्ता त्यांनी कुणाच्या पदरात घालायची नसते.

दिल्ली-नोएडाच्या डीएनडी उड्डाणपुलाचं प्रकरण यासाठीच वाचा. १९९७ च्या करारात नोएडा प्राधिकरणानं टोल वसुलीचा अधिकार एका खासगी कंपनीला देऊन टाकला, तोही स्पर्धात्मक निविदा न मागवता. वर एकूण खर्चावर वर्षाला वीस टक्के परताव्याची हमी. परतावा कमी पडला की ती तूट पुन्हा खर्चात मिळवायची! म्हणजे गाड्या टोल भरत राहणार आणि फेडायचा आकडा फुगतच जाणार. असला करार सह्या करणाऱ्यांनी वाचला तरी होता का? २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं तो टोल बंद केला. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि स्पष्ट सांगितलं की प्राधिकरणानं स्वतःच्या अधिकाराबाहेर जाऊन हा हक्क देऊन टाकला होता.

आपल्या पुणे-कोल्हापूर महामार्गावर आनेवाडी, तासवडेच्या टोलनाक्यांवर दर केंद्राच्या २००८ च्या टोल नियमांप्रमाणे ठरतात. वीस किलोमीटरच्या आतल्या लोकांना मासिक पासची सोय त्याच नियमांत आहे. तिथं निदान बोट ठेवायला कागद तरी आहे. बाजारातल्या आजींनी कुठल्या कागदावर बोट ठेवायचं?

म्हणून सोमवारी दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज देतोय. लिलाव कधी झाला, बोली कुणाकुणाची होती, दराचा ठराव कुठला, ठेक्याची मुदत कधी संपते, मुदतवाढ दिली असेल तर कुणाच्या सहीनं. सोबत आजींच्या पावतीची झेरॉक्स जोडलीय. तुमच्या गावच्या बाजारात दरफलक लावलेला असेल तर त्याचा फोटो खाली टाका. नसेल तर तसं लिहा, गावाच्या नावासकट.