नव्या फ्लॅटला आपला माणूस कशाला?

एक संदेश सध्या गोव्यातल्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. त्याचा आशय असा: नवीन फ्लॅट घ्यायचा तर थेट बिल्डरच्या ऑफिसात जा. एजंट, वकील, इंजिनिअर कोणी नको. घर नवं, कागद नवे, रेरा (गृहप्रकल्पांवर देखरेखीचा कायदा) नंबर आहे, शिवाय बँकेचा वकील तपासतोच. वाचलेले पैसे फर्निचरला लावा.

मुंबईची नोकरी संपवून गावाकडे परतणारी माणसं हा सल्ला मनापासून मानतात. आयुष्यभराची पुंजी त्यांनी त्यात घातलेली असते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘घर नवं, मग तपासायचं काय?’

घर नवं असतं, जमीन नवी नसते. गोव्यात तर मुळीच नाही. ज्या भाटात आज इमारत उभी राहते त्या भाटाचा मूळ भाटकार, म्हणजे जमीनमालक, वारून दोन पिढ्या झालेल्या असतात. वारस कोणी मडगावात, कोणी लिस्बनला, कोणी इंग्लंडमध्ये. इन्व्हेंटरी, म्हणजे मयताची मालमत्ता वारसांत वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया, झाली आहे का, सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून बाहेरच्या माणसाला न सुचणारा. आपल्याकडच्या नागरी कायद्याप्रमाणे, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि जोडीदाराच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. म्हणजे पाच भावांनी जमीन विकली तर पाच जावांचीही संमती हवी.

फॉर्म एक-चौदावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, नाव आहे एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, आणि त्याच फॉर्मवर कुळाचं किंवा मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर गोष्ट आणखी वेगळी. कायद्याने कुळाच्या नावे झालेली शेतजमीन 1991 च्या कायद्यानुसार शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. जमीन बिगरशेती केल्याची सनद दाखवली तरी ती नेमक्या कोणत्या सर्व्हे नंबरच्या किती चौरस मीटरची आहे ते पाहावं लागतं. झोन, म्हणजे आराखड्यातली शेतीची की वस्तीची ही वर्गवारी, बदलून घेतलेली जमीन असेल तर तो कोणत्या कलमाखाली बदलला हेही. अशा बदलाला वाट देणारे नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 मध्ये रद्द केले. आणि खोट्या जुन्या दस्तऐवजांवर जमिनी विकल्याची प्रकरणं एवढी वाढली होती की 2022 मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. हे सगळं सेल्स ऑफिसातल्या रंगीत पुस्तिकेत कुठून येणार?

माझ्या धाकट्या भावाने पर्वरीत फ्लॅट ठरवला तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, वकिलाला कशाला पैसे देतोस? त्याने ऐकलं नाही. म्हापशाच्या वकीलबाईंनी आठवडाभर कागद वाचले आणि एक ओळ दाखवली: जमीन विकणाऱ्या भावांपैकी एकाच्या पत्नीची सही विक्रीखतावर नव्हती. ती परदेशात होती. बिल्डरच्या माणसाचं म्हणणं, ‘बाकी बारा जणांनी बुकिंग केलं, कोणी विचारलं नाही.’ तेच तर मला भयंकर वाटलं.

‘रेरा नंबर म्हणजे सरकारने तपासलेलं’

रेरा कायदा चांगला आहे आणि त्याने फरक पडला आहे. खरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेतला 70 टक्के पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पण प्रकल्पाची नोंदणी होते ती बिल्डरने दिलेल्या कागदांवर आणि त्याच्याच प्रतिज्ञापत्रावर. त्या कागदांमध्ये तुमच्या बाजूने खोल शिरणारं तिथे कोणी नसतं. शिवाय जमीन 500 चौरस मीटरपर्यंतची किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर नोंदणीची सक्तीच नाही. आपल्या गावागावांतून दिसणारे सहा-सात फ्लॅटचे प्रकल्प डोळ्यांपुढे आणा.

‘बँकेचा वकील फुकटात बघतो’

फुकट नाही, त्याची फी बहुधा तुमच्याकडूनच घेतात. आणि तो बघतो ते कर्ज वसूल होईल की नाही. पार्किंग तुमच्या करारात लिहिलं आहे का, ताबा लांबला तर व्याज कोण देणार, सोसायटी कधी होणार, हे त्याचं काम नव्हे. बिल्डरने तयार केलेला करार बदलत नाही असंही सांगतात. बदलतो. भावाच्या करारात कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं) क्षेत्रफळ आकड्यात आलं, पार्किंगचा क्रमांक आला, ‘अंदाजे’ हा शब्द तीन ठिकाणांहून गेला.

‘थेट गेलं की दलाली वाचते’

इथे संदेशात अर्धं खरं आहे. गाडीत घालून साइटवर नेणारा माणूस बहुतेक वेळा बिल्डरकडूनच कमिशन घेतो. तो तुमचा माणूस नव्हेच. त्याला टाळलंत म्हणून ती रक्कम तुमच्या किमतीतून वजा होईल असं नाही. एकाला दर कमी दिला की बाकीचेही मागतील हे बिल्डरला ठाऊक असतं. मी ज्याची गोष्ट करते आहे तो ठरलेली फी घेणारा, व्यवहार झाला काय, मोडला काय, ज्याला फरक पडत नाही असा माणूस: वकील, इंजिनिअर, किंवा रेराकडे नोंदलेला आणि फक्त तुमच्याशी लेखी करार करणारा एजंट. अमेरिकेत खरेदीदाराचा एजंट हा वेगळा पेशाच आहे, आणि 17 ऑगस्ट 2024 पासून तिथल्या बहुतेक एजंटांना घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करून मोबदला किती ते लिहावं लागतं. आपल्याकडे तशी रीत नाही. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: तुमचे पैसे कोण देतं?

‘ताबा घेताना सगळं दिसतंच’

दिसत नाही. ‘चवथीला किल्ल्या’ हे वाक्य गोव्यात फार गोड लागतं, गृहप्रवेशाची तारीख ठरते, आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारतीत राहायच्या परवानगीचा दाखला) पंचायतीत अडकलेलं असतं. त्या दाखल्याशिवाय आत जाऊ नका. इमारत शक्यतो जुलैत पाहा. जिन्याखाली पाणी साचतं का, बाल्कनीचा उतार आतल्या बाजूला आहे का, ते जानेवारीत कळत नाही. इंजिनिअर दोन तासांत भिंतीची ओल आणि टाकीची जागा पाहून यादी करून देतो. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पहिल्या दिवसाची ती लेखी यादी हाताशी असली की पुढचा वाद फार लांबत नाही.

भावाच्या फ्लॅटची ती सही यायला चार महिने लागले. दुरुस्तीचा दस्त नोंद होईपर्यंत त्याने बुकिंगपुढे एक रुपया दिला नाही. वकीलबाईंच्या फीची रक्कम आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याएवढीही नव्हती. बाकीच्या बाराही घरांचा कागद त्या एका सहीने साफ झाला.