आखाजीनंतरचं रिकामं खातं

जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी बँक मित्र आहे, म्हणजे गावात बसून बँकेची कामं करणारा माणूस. "लोकांमध्ये विम्याबद्दल जागृती नाही" हे वाक्य दर बैठकीत ऐकतो आणि दर वेळी डोकं तापतं.

2015 ला पंतप्रधान सुरक्षा विमा आला, म्हणजे सरकारी अपघात विमा. वर्षाला 12 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. दोन कटिंगचे पैसे! तरी लोक म्हणायचे, "मरानंतर पैसा भेटतीन, त्या माले काय कामना?" पत्रकं वाटून हात दुखले, फॉर्म मोजकेच आले.

मग गल्लीतला एक जण रात्रीच्या लाइटीवर कपाशीला पाणी भरायला गेला आणि त्याला साप चावला. घरच्यांनी भगताकडे न नेता तडक सरकारी दवाखाना गाठला. माणूस वाचला नाही, पण तिथे नोंद झाली. सापाच्या दाव्यात सगळा जीव त्या कागदात असतो. काही महिन्यांनी बायकोच्या खात्यावर 2 लाख आले, आणि माझ्या टेबलापुढे रांग. "मना बी फारम भरी दे." तोवर हप्ता 20 रुपये झाला होता, बरं का. स्वस्त होता तेव्हा कुणी घेईना, महागला तेव्हा रांग!

उलटंही पाहिलंय. पलीकडच्या गल्लीत एकाचा दावा कागदांपायी अडला. तिथे आजही बचत गटाच्या ताईला सोबत नेल्याशिवाय माझं कुणी ऐकत नाही.

पण खरी गोची तारखेची आहे. विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणून पैसे मे अखेरीस कापतात. आमच्याकडे तेव्हा काय असतं? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झालेली, लेकी माहेरपण करून गेलेल्या, बियाण्याची जुळवाजुळव चालू. खात्यात शिल्लक नाही, विमा बंद. कापसाचा पैसा येतो हिवाळ्यात. केनियात ऊसवाल्या शेतकऱ्यांवर प्रयोग झाला होता. पीकविम्याचा हप्ता आधी मागितला तर शंभरातल्या 5 जणांनी घेतला, उसाच्या बिलातून कापू म्हटल्यावर 72 जणांनी. त्यांची जागृती काय एका रात्रीत वाढली?

गेल्या फेब्रुवारीत एक मावशी रुमालात 456 रुपये बांधून आली. अपघाताचे 20, जीवनज्योती या सरकारी आयुर्विम्याचे 436. म्हणाली, "खातामा नको टाकू, गटना हप्ता खाई जाई. तुन्हा गल्लामा ठेव, मे मा टाक."

नियमात बसत नाही. ठेवलेत.