रीलवर दिसणारे नृत्य बेवारस नसते

समाजमाध्यमांवर सध्या एक विधान फार फिरते आहे: ‘नाचाच्या स्टेप्स कोणाच्याच मालकीच्या नसतात, रील टाकली की ती सर्वांची झाली, आणि माणूसही दुसऱ्याचे बघूनच नाचायला शिकतो, मग एआयच्या प्रशिक्षणासाठी नर्तकांची परवानगी कशाला?’

कथकचा तत्कार (पदन्यास) किंवा भरतनाट्यमचा अडवू (मूळ स्टेप) कोणाच्या मालकीचा नाही, हे खरेच आहे, आणि जाणता नर्तक तसा दावा करतही नाही. मात्र त्यांतून बसवलेली रचना, लेखी किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असल्यास, भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने नाट्यकृती म्हणून संरक्षित आहे. कन्नड लेखक शिवराम कारंतांनी कर्नाटकातील यक्षगानासारख्या पारंपरिक नृत्यनाट्यकलेत जे नवे घडवले, त्यावरील हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये तो हक्क मान्य झाला. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ या व्हिडिओ गेममधील नाच आपल्या रचनेतून उचलल्याचा नृत्यदिग्दर्शक काइल हानागामी यांचा दावा कनिष्ठ न्यायालयाने स्टेप्स सुट्या सुट्या करून फेटाळला होता; २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि हालचालींची निवड व मांडणीही पाहावी लागते, असे सांगितले.

रीलचे म्हणाल, तर पाहू देणे म्हणजे प्रती काढू देणे नव्हे. स्वतः रचना न बसवणाऱ्या नर्तकालाही भारताचा हाच कॉपीराइट कायदा कलावंत म्हणून नाव घेऊन ओळखतो आणि त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क देतो.

माणूस बघून शिकतो, हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. शिष्य रियाज करतो, तर एआयच्या प्रशिक्षणासाठी आधी व्हिडिओच्या फाइलची प्रत घ्यावी लागते व तिच्यातून सांध्यांच्या हालचाली काढून घ्याव्या लागतात. आक्षेप आहे तो या प्रतीला. परवानगीचा मार्ग अशक्यही नाही. जपानच्या एआयएसटी संस्थेने संशोधनासाठी ४० व्यावसायिक नर्तकांचे मुद्दाम चित्रण करून नाचाच्या व्हिडिओंचा संच तयार केला. दुसरीकडे, टिकटॉकवरून गोळा केलेल्या तीनशेहून अधिक नाचांचा संच छायाचित्रातील व्यक्तीला नाचवणाऱ्या एआय प्रणालींची नेहमीची कसोटी बनला.

भारतीय कायद्यात एआय प्रशिक्षणासाठी वेगळी सवलत नाही. ‘रास्त वापर’, म्हणजे परवानगीविना करता येणारा मर्यादित वापर, तिथवर पोहोचतो का, हा प्रश्न बातम्यांच्या संदर्भात एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेला. नर्तकांची खरी दुबळी बाजू मात्र करारात आहे: चित्रणाला एकदा लेखी संमती दिली की, करारात उलट अट नसल्यास, निर्मात्याच्या वापराला आक्षेप घेता येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी प्रशिक्षणासाठीचा वापर वगळणारे कलम त्यात घालून घ्यावे.